लिनक्स डेस्कटॉपचे सुटे भाग बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. एका अंगाला लेथ, दुसऱ्या अंगाला मोटर वाइंडिंगवाले, मधल्या गाळ्यात आम्ही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून जुनी मशीन रांगेनं यायला लागली. चार जीबी रॅमवाल्या बहुतेक मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या प्रणालीची एक्सएफसीई आवृत्ती टाकून देतो. पंधरा दिवस सगळे खूश असतात. सोळाव्या दिवशी फोन येतो, "दादा, ती खिडकीची वरची पट्टी बदलता येते म्हणं?" अशा फोनांतून हे पान जमलं.

आज्ञा, म्हणजे कमांड, मी फोनवर जशा तोंडी सांगतो तशाच इथं लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, सगळ्या लहान अक्षरांत करायच्या. जिथं मोठी अक्षरं लागतात तिथं तसं सांगितलंय.

डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, पट्ट्या, आयकॉन हे सगळं, एकच प्रोग्रॅम ना? मग त्यातला भाग बदलायचा म्हणजे काय?

एकच नसतो, सगळा घोळ इथंच होतो. विंडोजवरून आलेल्या माणसाला पडद्यावरचं सगळं एकाच साच्यातून निघालंय असं वाटतं. लिनक्सवर ती जोडणी असते. आमच्या शेजारच्या टर्नरांना हे लगेच कळतं: कास्टिंग एका शेडचं, क्रँक दुसऱ्याचा, बोल्ट बाजारातले, आणि वर पाटी एकाचीच.

एक्सएफसीई या डेस्कटॉपचं घ्या. खिडक्यांना चौकट, मथळ्याची पट्टी आणि बंद करायची फुली देतो तो विंडो मॅनेजर, त्याचं नाव एक्सएफडब्ल्यूएम४. खालची किंवा वरची पट्टी म्हणजे एक्सएफसीई४-पॅनेल. मागचं चित्र आणि त्यावरचे आयकॉन एक्सएफडेस्कटॉप काढतो. फोल्डर उघडतो थुनार. कीबोर्ड, फॉन्ट, थीम, माउसचा वेग या गोष्टी एक्सएफसेटिंग्जडी मागं बसून लावत असतो. या सगळ्यांना सकाळी उठवणारा आणि एखादा पडला तर परत उभा करणारा मुकादम म्हणजे एक्सएफसीई४-सेशन.

खरं वाटत नसेल तर आत्ता करून बघा. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक्सएफसीई४-पॅनेल लिहा, एक जागा सोडा, दोन आडव्या रेघा (हायफन) आणि त्यांना चिकटून क्विट. एंटर मारला की पट्टी गायब. मेनू गेला, घड्याळ गेलं, पण खिडक्या जागच्या जागी आणि त्यांची फुलीही चालू. आता अल्ट आणि एफ२ दाबा. छोटी चौकट येईल, त्यात एक्सएफसीई४-पॅनेल लिहून एंटर मारा. पट्टी परत. पट्टी नसताना अल्ट-एफ२ कसं चाललं? कारण तो शॉर्टकट पट्टीकडं नाही, एक्सएफसेटिंग्जडीकडं असतो. कुठलं काम कुणाच्या अंगावर आहे हे एकदा असं डोळ्यांनी बघितलं की पुढचं निम्मं काम झालं.

आधी कशाची तयारी करू?

वेगळा यूजर बनवा. मी त्याचं नाव नेहमी 'तालीम' ठेवतो. जे काय मोडायचं ते तालमीत मोडायचं, खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरायचं नंतर. डेस्कटॉपच्या सेटिंग्ज प्रत्येक यूजरच्या होम फोल्डरमध्ये स्वतंत्र असतात, त्यामुळं तालीम यूजरचा पडदा काळा झाला तरी तुमचं रोजचं लॉगिन शाबूत राहतं.

"टाइमशिफ्ट लावलंय की, मग काय भीती" असं बरेच जण म्हणतात. टाइमशिफ्ट मुळात सिस्टिमच्या फाइलींच्या बॅकअपसाठी आहे. होम फोल्डर ते आपण सांगितल्याशिवाय घेत नाही, आणि तुम्ही बदलणार ते बहुतेक सगळं नेमकं होम फोल्डरमधल्या 'डॉट कॉन्फिग' या लपलेल्या फोल्डरात असतं. ते फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर टाका. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की लपलेली फोल्डरं दिसतात. दोन मिनिटांचं काम.

सगळ्याच डेस्कटॉपवर असं सुटं सुटं बदलता येतं का?

नाही. हे आधी न बघता लोक रात्र घालवतात.

एक्सएफसीई, मातें आणि एलएक्सक्यूटी ही मोकळ्या जोडणीची मंडळी. एक्सएफसीई १९९६ मध्ये ओलिव्हिए फूर्दां यांनी सुरू केला आणि भाग वेगळे ठेवायचा स्वभाव त्यात टिकून राहिला. मातें हा ग्नोम २ वरून २०११ मध्ये निघालेला फाटा. त्याचं नाव दक्षिण अमेरिकेतल्या येर्बा मातें या पेयावरून घेतलंय, म्हणून 'मेट' म्हणू नका, मातें म्हणा. त्यात विंडो मॅनेजर बदलायला मातें ट्वीकमध्ये सरळ यादीच मिळते. एलएक्सक्यूटीत सेशन सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजरची वेगळी जागा आहे. नवख्याला शिकायला हे दोन सगळ्यात सोपे.

ग्नोमची गोष्ट वेगळी. २०११ मध्ये ग्नोम ३ आला तेव्हापासून पट्टी, सूचना आणि अॅप शोधायची जागा हे सगळं ग्नोम शेल या एकाच प्रोग्रॅममध्ये आहे, आणि तो मटर नावाच्या विंडो मॅनेजरच्या पोटात चालतो. मटर काढला तर शेल उभाच राहत नाही. सिनॅमनचंही तसंच, त्याचा मफिन हा मटरचाच फाटा. इथं एक्स्टेन्शन लावून रूप बदलता येतं, भाग बदलता येत नाही. ग्नोमची नवी आवृत्ती आली की निम्मी एक्स्टेन्शनं रुसतात, तेही धरून चाला. ज्याला सारखं खोलून बघायची खाज आहे त्यानं ग्नोमच्या नादी लागू नये, आणि ज्याला मशीन सुरू करून काम करून उठायचंय त्याला ग्नोमसारखं सुख नाही.

केडीई मधे बसतो. पट्टीवरची जवळजवळ प्रत्येक गोष्ट हलवता येते, पण केविन हा विंडो मॅनेजर बदलायची जुनी युक्ती, म्हणजे केडीईडब्ल्यूएम हे व्हेरिएबल लावायची, आता सरळ चालत नाही. केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या ५.२५ आवृत्तीपासून सेशन सिस्टिमडी या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममार्फत सुरू होतं आणि ते या व्हेरिएबलकडं बघत नाही. जुने लेख वाचून प्रयोग करणारे इथं हमखास अडकतात.

एक्स११ आणि वेलँड काय भानगड आहे? माझ्याकडं कुठलं आहे?

टर्मिनलमध्ये एको लिहा, जागा सोडा, डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून मोठ्या अक्षरांत एक्सडीजी अंडरस्कोर सेशन अंडरस्कोर टाइप. उत्तर एक्स११ किंवा वेलँड असं येईल.

पडद्यावर खिडक्या काढायची एक्स ही व्यवस्था १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली, तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. म्हणून एक्स११. तिच्यात पडद्यावर काढणारा सर्व्हर वेगळा आणि खिडक्या मांडणारा विंडो मॅनेजर वेगळा, त्यामुळं चालू गाडीत ड्रायव्हर बदलावा तसा विंडो मॅनेजर बदलता येतो. त्याच कामाची नवी व्यवस्था म्हणजे वेलँड, ते २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी सुरू केलं. त्यात ही दोन्ही कामं एकाच प्रोग्रॅमकडं, म्हणजे कंपोझिटरकडं असतात. तो थांबला की पडदाच थांबला. म्हणून वेलँडवर 'विंडो मॅनेजर बदलणं' याचा अर्थ लॉगआउट होऊन दुसऱ्याच सेशनमध्ये शिरणं.

वारं वेलँडकडं वाहतंय. उबुंटू या लिनक्सच्या २५.१० आवृत्तीमध्ये ग्नोमचं एक्स११ सेशनच ठेवलेलं नाही. एक्सएफसीई ४.२० डिसेंबर २०२४ मध्ये आला, त्यात वेलँडचा आधार प्रायोगिक म्हणून आहे, पण एक्सएफडब्ल्यूएम४ तिथं चालत नाही. त्याच्या जागी लॅबडब्ल्यूसीसारखा कंपोझिटर घ्यावा लागतो. पट्टी मात्र तीच. इथून पुढं लिहिलंय ते एक्स११ धरून.

बरं, विंडो मॅनेजर बदलायचाच आहे. एक्सएफसीईवर ओपनबॉक्स कसा लावू?

आधी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ओपनबॉक्स आणि त्याच्या सेटिंग्जसाठी ओबीकॉन्फ ही दोन पॅकेजेस घ्या. मग टर्मिनल उघडा, त्यात ओपनबॉक्स, जागा, दोन आडव्या रेघा, रिप्लेस, परत जागा आणि शेवटी अँडचं चिन्ह. एंटर मारताना पडद्याकडं नीट बघा. खिडक्यांच्या मथळ्याच्या पट्ट्या क्षणभर नाहीशा होतात, खिडक्या नागड्या दिसतात, आणि लगेच वेगळ्या रंगाच्या, जरा बारीक पट्ट्या येतात. कुठलंही अॅप बंद पडत नाही. लिहीत असलेलं पत्रही तसंच.

आत काय घडलं ते सांगतो. एक्समध्ये विंडो मॅनेजरनं डब्ल्यूएम-एस-शून्य नावाचा एक ताबा घ्यायचा असतो, आणि तो एका वेळी एकाकडंच राहतो. रिप्लेस म्हटल्यावर नवा येऊन तो ताबा मागतो, जुना मुकाट्यानं सोडून बाहेर पडतो. ही रीत ठरलेली असल्यानं एका प्रकल्पाचा विंडो मॅनेजर दुसऱ्याच्या डेस्कटॉपवर चालू शकतो.

आता काय काय बिघडलं ते बघा, कारण काहीतरी बिघडतंच. सेटिंग्ज मॅनेजरमधलं 'विंडो मॅनेजर' हे पान आता काही कामाचं नाही, ते एक्सएफडब्ल्यूएम४ पुरतंच होतं. त्यातले शॉर्टकटही गेले. ओपनबॉक्सचे शॉर्टकट त्याच्या आरसी डॉट एक्सएमएल या फाइलीत असतात. वर्कस्पेस किती हे ओपनबॉक्स स्वतः ठरवतो, मुळात चार. खिडक्यांच्या सावल्या आणि पारदर्शकपणा गेला, कारण कंपोझिटिंगचं, म्हणजे सगळ्या खिडक्या मिळून पडद्याचं एक चित्र बनवायचं, काम एक्सएफडब्ल्यूएम४ करत होता आणि ओपनबॉक्स ते करत नाही. व्हिडिओ बघताना मधोमध आडवी चीर दिसायला लागली तर त्याचं कारण बहुधा हेच. त्यावर पिकॉम नावाचा वेगळा कंपोझिटर लावतात. म्हणजे एक भाग काढला आणि दोन लावावे लागले. गिऱ्हाइकाला मी हे आधीच सांगतो.

पटलं तर कायम करा. सेटिंग्ज मॅनेजर, त्यात सेशन अँड स्टार्टअप, त्यात करंट सेशन हा टॅब. यादीत ओपनबॉक्स दिसतोय आणि एक्सएफडब्ल्यूएम४ दिसत नाही याची खात्री करा, मग सेव्ह सेशन. लॉगआउट होऊन परत या. दुसरा रस्ता फेलसेफ सेशनमध्ये, म्हणजे साठवलेलं सेशन नसताना सुरू होणाऱ्या मूळ यादीत, क्लायंट-शून्यची आज्ञा बदलायचा, तो पक्का असतो. पण ज्याला आज्ञा लिहायची सवय नाही त्याला मी पहिलाच सांगतो, कारण तो उलटा फिरवायला सोपा.

केलं आणि पडदा काळा झाला. किंवा खिडक्या आहेत पण फुली नाही, टाइपही होत नाही. आता?

मशीनचं बटण दाबून धरू नका. कंट्रोल, अल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन विचारेल. यूजरनेम लिहा, एंटर, मग पासवर्ड. पासवर्ड लिहिताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. "टाइपच होत नाही" म्हणून रात्री साडेदहाला आलेले फोन बहुतेक याच जागेवरचे असतात. होतंय, लिहीत राहा.

आत गेल्यावर दोन उपाय. खिडक्यांना फुली नसेल तर विंडो मॅनेजर मेलाय, त्याला बाहेरून उठवा: मोठ्या अक्षरांत डिस्प्ले, बरोबरचं चिन्ह, कोलन, शून्य, मग जागा सोडून एक्सएफडब्ल्यूएम४, जागा, दोन रेघा रिप्लेस, शेवटी जागा सोडून अँडचं चिन्ह. मग कंट्रोल-अल्ट-एफ७ नं परत जा. मिंटवर ग्राफिक पडदा बहुतेक वेळा तिथंच असतो. विंडो मॅनेजर नसला की एक्स कुठल्या खिडकीला कीबोर्ड द्यायचा ते ठरवत नाही, म्हणून टाइप होत नव्हतं.

दर लॉगिनला तेच होत असेल तर साठवलेलं सेशन नासलंय. होम फोल्डरमध्ये 'डॉट कॅश' आणि त्यात 'सेशन्स' असं फोल्डर आहे, ते रिकामं करा. एवढ्यानंही नाही भागलं तर 'डॉट कॉन्फिग' मधल्या एक्सएफसीई४ फोल्डरचं नाव बदलून शेवटी जुनं असं जोडा. पुढच्या लॉगिनला कोरा करकरीत एक्सएफसीई मिळतो. उडवू नका, नाव बदला; त्यातल्या पट्टीच्या सेटिंग्ज नंतर लागतात.

थुनार नको, नेमो हा फाइल मॅनेजर हवा. थुनार काढून टाकू का?

लावा नेमो, पण थुनार काढू नका.

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि तीही दुसऱ्याच्या मशीनवर. एका कार्यालयात डेबियन या दुसऱ्या लिनक्सचं मशीन होतं. साहेबांना दोन फाइल मॅनेजर नको होते, मी थुनार काढला. काढताना खाली एक ओळ आली की एक्सएफसीई४ हे पॅकेजही निघेल. मी ती वाचली नाही, वाय दाबलं. एक्सएफसीई४ हे नुसतं गाठोडं असतं, आत स्वतःचं काही नाही, फक्त 'मला पट्टी, सेशन, विंडो मॅनेजर, थुनार हे सगळं लागतं' अशी यादी. थुनार गेला तसं गाठोडं सुटलं. थोड्या वेळानं जागा मोकळी करायला ऑटोरिमूव्ह ही बिनकामाची पॅकेजेस काढणारी आज्ञा दिली. आता पट्टी आणि सेशन कुणालाच नको आहेत असं अॅप्टला, म्हणजे पॅकेजेस लावणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमला, वाटलं आणि त्यानं तेही उचलले. साहेब जेवून आले तेव्हा लॉगिन केल्यावर काहीच उघडत नव्हतं. संध्याकाळपर्यंत मोबाइलच्या इंटरनेटवर सगळं परत उतरवत बसलो. थुनार किती जागा खातो? नगण्य. राहू दे की बापडा.

बरोबर पद्धत: सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट अॅप्लिकेशन्स, त्यात युटिलिटीज, तिथं फाइल मॅनेजर म्हणून नेमो निवडा. डेस्कटॉपवरचे आयकॉन तरीही एक्सएफडेस्कटॉपच काढत राहील. ते काम नेमो-डेस्कटॉपला द्यायचं असेल तर आधी एक्सएफडेस्कटॉपचे आयकॉन बंद करा, नाहीतर दोघं एकाच भिंतीवर चुना लावायला लागतात आणि उजवं क्लिक कधी याचं, कधी त्याचं उघडतं.

नेमो लावला, पण ब्राउझरमध्ये 'सेव्ह अॅज' केलं की जुनीच खिडकी येते.

ती थुनारची नाही. ती फाइल निवडायची चौकट जीटीके या खिडक्या-बटणं पुरवणाऱ्या टूलकिटची असते, फाइल मॅनेजरशी तिचा संबंध नाही. तुम्ही चुकलेला नाही.

पट्टी बदलायची आहे. खाली डावीकडं स्टार्टसारखं बटण हवं.

त्यासाठी भाग बदलायची गरजच नाही. पट्टी ओढून खाली न्या, व्हिस्कर मेनू जोडा, झालं. पॅनेल प्रोफाइल्स नावाच्या छोट्या अॅपमध्ये आधीची मांडणी साठवून ठेवा.

डॉक, म्हणजे नुसत्या अॅपच्या आयकॉनांची पट्टी, पाहिजे असेल तर प्लँक चालतो. टिंट२ हलकी पट्टी आहे, ओपनबॉक्सबरोबर शोभते. पण पट्टी पूर्ण बदलताना घड्याळाशेजारच्या आयकॉनांकडं लक्ष ठेवा. ते दाखवायच्या दोन पद्धती आहेत, जुनी एक्सएम्बेड आणि नवी स्टेटस नोटिफायर. नव्या पट्टीला एकच येत असेल तर काही आयकॉन दिसेनासे होतात, आणि लोक म्हणतात वायफाय गेलं. वायफाय चालूच असतं.

सूचना कधी एका रूपात, कधी दुसऱ्याच रूपात दिसते, किंवा एकही दिसत नाही.

प्रोग्रॅम एकमेकांशी डी-बसवरून बोलतात; तिथं सूचना दाखवायचं नाव एकच असतं आणि ते एका वेळी एकच प्रोग्रॅम धरतो. तुम्ही एक्सएफसीईचा नोटिफायडी ठेवून वर डन्स्ट हा सूचना दाखवणारा दुसरा प्रोग्रॅमही टाकलात तर जो आधी पोचेल तो जिंकतो. म्हणून सोमवारी सूचना गोल कोपऱ्याच्या आणि मंगळवारी चौकोनी असा प्रकार होतो. इथं मात्र थुनारच्या उलट, दोघांपैकी एकाला सुरूच होऊ न देणं बरं. नोटिफाय-सेंड या आज्ञेपुढं काहीही शब्द लिहून तपासा. एकही दिसत नसेल तर आधी 'डू नॉट डिस्टर्ब' चालू राहिलंय का ते बघा. हसू नका, अर्ध्या वेळा तेच निघतं.

नुसता ओपनबॉक्स सेशन घेतला. आता अपडेट मॅनेजर किंवा जीपार्टेड क्लिक केलं तर काहीच होत नाही.

होतंय, पण पासवर्ड विचारणारा माणूस दारावर नाही. अॅडमिनचं काम निघालं की पोलकिट परवानगी मागतं, आणि ती मागणारी खिडकी दाखवायला एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम चालू असावा लागतो. एक्सएफसीईत तो लॉगिनबरोबर आपोआप उठतो. त्याच्या ऑटोस्टार्ट फाइलीत 'फक्त अमुक डेस्कटॉपवर सुरू हो' अशी अट बऱ्याचदा लिहिलेली असते, आणि नुसता ओपनबॉक्स त्या यादीत नसतो. मातें-पोलकिट किंवा एलएक्सपोलकिट घ्या आणि ओपनबॉक्सच्या ऑटोस्टार्ट फाइलीत त्याची ओळ घाला.

याच फाइलीत नेटवर्कचा आयकॉन, पिकॉम, पट्टी असं एकेक घालत गेलात की महिन्याभरानं लक्षात येतं की तुम्ही हातानं दुसरा एक्सएफसीई बांधलाय. मीही बांधला होता. मजा आली, पण गिऱ्हाइकाला मी तो कधी देत नाही.

मराठी टायपिंग बंद पडलं. याचा डेस्कटॉपशी काय संबंध?

बराच. आधी तुमचं टायपिंग कुठल्या जातीचं ते ओळखा.

इन्स्क्रिप्ट वापरत असाल तर तो नुसता कीबोर्ड लेआउट आहे, एक्सच्या स्वतःच्या यादीत असतो, त्याला जादा प्रोग्रॅम लागत नाही. त्याच यादीत मराठीचा कागप नावाचा ध्वन्यात्मक लेआउटही दिसेल. हे कागद वगैरे काही नाही, कन्नड गणक परिषदेची आद्याक्षरं आहेत ती. सीमेपलीकडून आलेली वस्तू आपल्याला चालते. लेआउट लावून ठेवतो एक्सएफसेटिंग्जडी. तुम्ही तोच काढलात तर लेआउट लॉगिनला परत इंग्रजी होतो, शिवाय थीम आणि फॉन्टही जुनाट दिसायला लागतात. 'कीबोर्ड बिघडला' म्हणून आलेल्या एका लॅपटॉपला एवढंच झालं होतं.

रोमनमधून टाइप करून मराठी उमटवत असाल तर मधे ते रूपांतर करणारा आयबस किंवा एफसीआयटीएक्स५ हा प्रोग्रॅम आहे. ग्नोममध्ये आयबस आतच जोडलेला असतो. एक्सएफसीईत तो वेगळा सुरू करावा लागतो. डेबियन, उबुंटू आणि मिंटवर त्यासाठी आयएम-कॉन्फिग आहे. ग्नोमवरून एक्सएफसीईवर आलेल्यांचं टायपिंग अडतं ते इथं. लावल्यावर लॉगआउट करा, नुसती खिडकी बंद करून उघडली तर फरक पडत नाही.

महाद्वार रोडवरच्या पत्रिका-बॅनरवाल्यांसाठी एक जादा गोष्ट. मराठीतला ल आणि शेंडीफोड्या श यांचा आकार हिंदीपेक्षा वेगळा. अनेक युनिकोड फॉन्टांत दोन्ही आकार असतात आणि भाषा मराठी आहे असं कळलं तरच मराठी आकार निघतो. म्हणून सिस्टिमची भाषा हिंदी ठेवली की पट्टीवरचा ल हिंदी वळणाचा दिसतो. तो बदलायचा भाग डेस्कटॉपचा नाही, लोकेलचा, म्हणजे भाषेच्या सेटिंगचा. ओपनबॉक्स मथळे पँगो या अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररीतून काढतो, त्यामुळं जोडाक्षरं नीट येतात. आय३ हा विंडो मॅनेजर वापरत असाल तर कॉन्फिग फाइलीत फॉन्टच्या नावाआधी पँगो आणि कोलन लिहा, नाहीतर 'दुसऱ्या' शब्दाचे तुकडे तुकडे दिसतात. जुन्या डीटीपीच्या बिगर-युनिकोड फॉन्टातल्या फाइली मात्र डेस्कटॉप कुठलाही लावा, तशाच राहणार.

लॉगिनचा पडदा बदलता येतो का?

येतो. लाइटडीएम, जीडीएम, एसडीडीएम यातला दुसरा टाकला की डेबियन आणि उबुंटूच्या कुळात इन्स्टॉल होतानाच कुठला ठेवायचा ते विचारतं. नंतर मन बदललं तर डीपीकेजी-रीकॉन्फिगर आणि पुढं त्याचं नाव. दिवसातून दहा सेकंद दिसणाऱ्या पडद्यासाठी हे कशाला, हा माझा प्रश्न.

हे सगळं केल्यावर मशीन पळेल ना?

नाही पळणार, भावा. एक्सएफडब्ल्यूएम४ काढून ओपनबॉक्स लावला तर रॅममध्ये वाचतात ते काही मेगाबाइट. ब्राउझरचा एक टॅब त्याच्या कितीतरी पट खातो. मशीन अडखळतंय ते बहुतेक वेळा जुन्या फिरत्या हार्डडिस्कमुळं. तिथं एसएसडी बसवा, जमलं तर रॅम आठ करा, आणि मग विंडो मॅनेजर आवड म्हणून बदला. हे सांगितल्यावर पोरांची तोंडं पडतात, पण वेगासाठी म्हणून विंडो मॅनेजर बदलायचे पैसे मी घेत नाही.

संस्थेच्या लॅबमध्ये तीस मशीन आहेत. सगळीकडं एकसारखी पट्टी हवी आणि पोरांनी ती हलवू नये.

हे काम एक्सएफसीईत खरंच छान होतं. एका मशीनवर पट्टी हवी तशी मांडा. 'डॉट कॉन्फिग' मध्ये एक्सएफसीई४, त्यात एक्सएफकॉन्फ, त्यात पर-चॅनलच्या एक्सएमएल फाइली असतात. पट्टीची फाइल उचलून सिस्टिमच्या ईटीसी फोल्डरातल्या एक्सडीजीखालच्या तशाच फोल्डरात ठेवली की नव्या यूजरला तीच पट्टी मिळते. त्या फाइलीच्या चॅनलच्या ओळीत लॉक्ड म्हणून ताऱ्याचं चिन्ह (*) आणि अनलॉक्ड म्हणून रूट, म्हणजे मुख्य अॅडमिन, लिहिलं की पोरांना ती हलवता येत नाही. आधी एका मशीनवर करून बघा. लॉक लावल्यावर स्वतःची चूकही दुरुस्त करता येत नाही, रूटमधून जावं लागतं. पहिल्या लॅबमध्ये मी तिसांच्या तिसांवर घड्याळ चुकीच्या बाजूला लॉक करून आलो होतो.

बिघडलं तर मशीन दुकानात आणावं लागेल का?

कंट्रोल-अल्ट-एफ३ वर लॉगिन होत असेल तर नको, फोनवर होतं. होत नसेल तर आणा. सीपीयूचा डबा तेवढा आणा, मॉनिटर आमच्याकडं आहे. आणि पासवर्ड घरातल्या ज्या कुणाला माहीत आहे त्याला विचारून या.